रिस्लिंग आणि आक्काताईंचं नाक

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'वाईन शॉप' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे आणि कित्येक वर्षं आमच्याकडे वाईन सोडून सगळं मिळायचं. व्हिस्की, रम, बीर, सोडा, खारे शेंगदाणे. वाईनच्या दोन-चार बाटल्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली तापत उभ्या असायच्या, पाटी खोटी ठरू नये म्हणून.

दुकान सासऱ्यांचं. नवऱ्याला गिऱ्हाइकांशी बोलायचा कंटाळा आणि मला न बोलायचा, म्हणून तो शेताकडे वळला आणि मी गल्ल्यावर बसले. सुरुवातीला बाई बसलेली बघून लोक पुढे निघून जायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन विचार करायचे आणि परत यायचे. आता सगळे सरावले आहेत. "वैनी, नेहमीचं," एवढंच म्हणतात, औषधाच्या दुकानात म्हणावं तसं.

जर्मन वाईन माझ्या आयुष्यात हौसेनं आलेली नाही. एका सणासुदीला घाऊकवाल्यानं व्हिस्कीच्या पेट्यांबरोबर ती गळ्यात मारली. उंच, सडपातळ, हिरव्या बाटल्या, आणि वरची चिठ्ठी जुन्या लग्नपत्रिकेसारखी वेलबुट्टीच्या अक्षरांत. नाव रिस्लिंग. हे द्राक्षाचं नाव, जातीचं, जसं आपल्याकडे हापूस. कोणी हात लावेना. रविवारी घरी मटण होतं, म्हटलं विकत नाही तर निदान चाखून बघू. पांढऱ्या रश्श्याबरोबर एक घोट घेतला आणि हातातली भाकरी खाली ठेवली.

त्यात काय होतं ते साध्या भाषेत सांगते. तिखट खाल्ल्यावर आपण काय करतो? लिंबू पिळतो, नाहीतर गुळाचा खडा तोंडात टाकतो. इथं दोन्ही एकाच पेल्यात होतं. आंबटपणा इतका स्वच्छ की तोंड धुतल्यासारखं वाटावं, आणि मागून किंचित गोडी. व्हिस्की घेऊन तांबडा रस्सा खाल्ला तर आगीवर तेल पडतं, कारण दारूचा जोर तिखट आणखी भडकवतो. या वाईनचा जोर असतो स्ट्राँग बीरएवढा, कधी त्याहून कमी. तिखट शमतं, चव राहते. जर्मनीतल्या द्राक्ष पिकवणाऱ्यांनी पांढरा रस्सा बघितलेला नाही, तरी त्यांनी तो डोळ्यांसमोर ठेवूनच ही बनवली असावी असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजून वाटतं.

मग मी वाचायला लागले, विचारायला लागले. बाटलीवरच्या शब्दांना लोक उगाच घाबरतात. काबिनेट, श्पेटलेझं, आउसलेझं, ही काही घराण्यांची नावं नाहीत. द्राक्षं किती पिकल्यावर तोडली, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. काबिनेट म्हणजे पिकली की तोडली. श्पेटलेझं म्हणजे आणखी थांबून, उशिरा. आउसलेझं म्हणजे त्यातलेही निवडक, अगदी पिकलेले घड. बिद्रीकडच्या ऊसवाल्या गिऱ्हाइकाला हे सांगायला मला एक मिनिट पुरतं. "लवकर तोडलं तर साखरेचा उतारा कमी, थांबून तोडलं तर साखर जास्त," म्हटलं की तो मान हलवतो आणि पुढचं मलाच समजावतो. 'ट्रॉकन' असं लिहिलं असेल तर समजायचं की साखर जवळजवळ सगळी आंबवून संपवली आहे, गोडी नाही. ती आपल्या मासळीबरोबर चांगली. आणि काहीच कळलं नाही तर दारूचा आकडा बघायचा. आकडा लहान, तर बाटलीत गोडी शिल्लक.

गिऱ्हाइकांनी मात्र परीक्षा घेतली. एका पैलवानानं बाटली हातात तोलून विचारलं, "वैनी, चढतीय का ही?"

"हळूहळू."

"मग प्यायची कशाला?"

"जेवणाबरोबर."

तो हसला. "जेवायला आमाला नुसतं ताट लागतंय वैनी." बाटली परत ठेवली आणि अंडी घ्यायला गेला.

उद्यमनगरातल्या एका कारखानदारानं बाटली गार हवी म्हणून फ्रीझरमध्ये आडवी टाकली आणि विसरला. सकाळी त्याच्या बायकोचा मला फोन. मटारच्या पिशव्यांवर सगळीकडे काचा आणि बर्फ. तेव्हापासून मी प्रत्येकाला बजावते: माठातल्या पाण्यापेक्षा गार, फ्रिजच्या पाण्यापेक्षा जरा कमी गार. फार थंड केली तर वास मरतो, आणि या वाईनचं अर्धं सुख वासातच आहे. त्यात सोडा घालायचा नाही, बर्फ घालायचा नाही. पेला काचेचा घ्या, अर्धाच भरा, हुंगायला जागा ठेवा.

अशी थोडी थोडी करत ती फळी भरत गेली. तरी दारात उभं राहून, नाव घेऊन कोणी रिस्लिंग मागितली नव्हती. ती मागितली तेजूनं.

तेजू म्हणजे तेजस्विनी, हातकणंगल्याची. घरची शेती, दुधाचा धंदा. ती जर्मनीत इंजिनिअर आहे. एके दुपारी दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, मोझेलची रिस्लिंग आहे का तुमच्याकडं?" मोझेल ही तिकडची नदी. तिच्या काठच्या उभ्या चढांवर ही द्राक्षं होतात. मी तिला स्टूल दिलं.

बाटली मिळाली तरी ती उठेना. मग हळूहळू बाहेर आलं. फेलिक्स नावाचा मुलगा, तिच्याबरोबर काम करणारा. त्याच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या मोझेलच्या काठी द्राक्षं लावतात आणि स्वतः वाईन करतात. त्याचे आईवडील मागणी घालायला येत होते, रीतसर, कारण तेजूनंच त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे तसं असतं. तिच्या आईवडिलांची ना नव्हती. पण वडील म्हणाले होते, "आई हो म्हणाली तर." आणि आई, म्हणजे तेजूची आज्जी आक्काताई, हो म्हणत नव्हती. आईवडील गोठ्यात आणि रानात, त्यामुळे तेजू वाढली ती आज्जीच्या हाताखाली. ती म्हणाली, "आज्जी नाही म्हणाली तर मी लग्न करणार नाही मावशी. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही."

आज्जीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: दारू गाळणाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाय. आक्काताईंचा धाकटा भाऊ तरुणपणी विषारी गावठी दारूनं गेला होता. त्याचं डोकं तेव्हा यांच्या मांडीवर होतं.

"मावशी, तुम्ही तिला समजावून सांगा ना. वाईन म्हणजे दारू नव्हे म्हणून."

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "दारूच आहे ती. हलकी आहे, चांगली आहे, जेवणाबरोबरची आहे, पण दारू आहे. मी विकते, मला माहीत आहे."

तिचा चेहरा उतरला. म्हणून मी पुढं म्हटलं, "जेवणाचं बघू आपण. माणसं एका पंगतीला बसली की काय ते त्यांचं त्यांना कळतं."

मग तिनं पिशवीतून स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक बाटली काढली. चिठ्ठी पिवळी पडलेली. फेलिक्स जन्मला त्या वर्षीच्या द्राक्षांची, त्याच्या आजोबांनी नातवासाठी तळघरात ठेवलेली. आजोबा गेले. त्यातली ही शेवटची. फेलिक्सच्या वडिलांनी ती तेजूबरोबर आधीच पाठवली होती, प्रवासात हललेली वाईन काही दिवस उभी राहून निवळावी म्हणून. ती मागणीच्या जेवणात सगळ्यांनी घ्यायची होती. मी ती हातात घेतली आणि लगेच परत दिली. अशी बाटली माझ्या दुकानात कधी आली नव्हती.

"अंधाऱ्या, गार खोलीत उभी ठेव," मी म्हटलं. "उघडायला मी येते. जुनं बूच असतं, पाहुण्यांसमोर तुटलं तर पंचाईत."

ठरल्या दिवशी सकाळी मी बर्फाच्या खोक्यात काबिनेटच्या दोन बाटल्या घेऊन हातकणंगल्याला गेले. आक्काताई चुलीपुढं होत्या. लहानखुरी बाई, नऊवारी लुगडं, नाक सरळ आणि धारदार. मसाला भाजत होत्या आणि प्रत्येक जिन्नस उतरवताना आधी हुंगत होत्या. रंगाकडं बघतसुद्धा नव्हत्या.

"तू ती दुकानवाली व्हय?"

"हो."

"माझा भाऊ गेला त्यानं."

"तेजूनं सांगितलं मला."

"तुझ्या दुकानातली न्हवती, गावठी हुती. पर वाट तीच की."

मी बर्फाचं खोकं भिंतीशी ठेवलं आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं.

"भाकरी येत्यात का थापाय?"

"येतात."

"मग हुबी का? बस की."

मी बसले. पीठ मळता मळता त्यांनी आपली अट सांगितली. "पावण्यांनी आणलंय, पावण्यांनी प्यावं. माझी ना न्हाय. पर माझ्या हातानं वाढणार न्हाय, आन् पोरगी द्यायची का न्हाय ते जेवल्यावर बघू."

भाकऱ्या झाल्यावर मी ती जुनी बाटली उघडली. बूच मधेच तुटलं. उरलेलं तुकड्या-तुकड्यानं, धीर धरून काढलं. पेल्यात दोन थेंब ओतून नाकाशी नेले, पण मी फक्त बिघडली आहे का एवढंच पाहिलं. आंबूस नाही, बुरशी नाही, ठीक आहे. दुकानदाराचं नाक तेवढंच काम करतं. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून ती फ्रिजमध्ये ठेवली आणि तेजूबरोबर बाहेरच्या सोप्यात ताटं मांडायला गेले.

परत आले तर बाटली फ्रिजमध्येच होती. लख्ख घासलेली, चिठ्ठी निघालेली आणि गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली.

"आक्काताई, यातलं?"

"वतलं मोरीत. नासलं हुतं ते. रॉकेलचा वास मारत हुता. बाटली चांगली हाय म्हणून घासून ठिवली, पाण्याला हुईल."

तेजू दारातच खाली बसली.

आता हे सांगायला हवं. रिस्लिंग वर्षानुवर्षं बाटलीत राहिली की तिला रॉकेलसारखा वास येतो. जाणकार त्यालाच मुरलेल्या वाईनची खूण मानतात. स्टोव्हवर संसार केलेल्या बाईला तो वास कळणारच. आणि जिचा भाऊ भेसळीच्या दारूनं गेला, ती बाई तसली बाटली पाहुण्यांच्या ताटाशी जाऊ देणार नाही.

तेजूनं डोळे पुसले आणि माझ्या खोक्याकडं बघितलं. "मावशी, तुमची त्यात भरूया? कुणाला कळंल?"

"त्यांना कळेल. रंगावरूनच. तुझ्या बाटलीतली करडईच्या तेलासारखी पिवळीधमक होती, माझी पाण्यासारखी फिकी. आणि त्या माणसानं आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

आक्काताई आमच्याकडं आळीपाळीनं बघत होत्या. "एवढं काय हुतं त्यात?"

मी सांगितलं. नातू जन्मला त्या वर्षाची द्राक्षं. आज्यानं ठेवलेली. शेवटची.

"आज्जा जित्ता हाय?"

"नाही."

त्यांनी पदराला हात पुसले. मग तेजूला म्हणाल्या, "ऊठ. तोंड धू. मी सांगतो त्यास्नी. तू नुसतं त्यांच्या भाषेत बदल. लपवायचं न्हाय, आन् ग्वाड करून बी सांगायचं न्हाय."

पाहुणे आले. फेलिक्स उंच, ताठ, घाबरलेला. आई हसरी. वडील रापलेले, हाताची बोटं जाड, नखांत माती मुरलेली. त्यांना बघून आक्काताई मला हळूच म्हणाल्या, "ह्यो तर रानातला मानूस हाय." शेतकरी म्हणून त्यांनी त्याची कल्पनाच केली नव्हती.

सगळे पानावर बसले. आक्काताईंनी स्वतः पांढरा रस्सा वाढला आणि फेलिक्सच्या वडिलांसमोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"पावणं, तुमच्या वडलांनी ठिवलेलं मी मोरीत वतलं. वासावरनं मला वाटलं नासलंय. तुमच्या पोटात इख जाईल म्हणून भ्यालो. चूक झाली."

तेजूनं सांगितलं. काही लपवलं नाही, गोड केलं नाही. फेलिक्स मान खाली घालून बसला. त्याच्या वडिलांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता, पण काहीतरी विझलं हे सगळ्यांना दिसलं. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"आज्जी, ते विचारतात, वास कसा होता?"

"सांगितलं की. रॉकेलचा."

"त्यानंतर?"

आक्काताई थांबल्या. इतका वेळ त्या माफी मागणाऱ्या बाईसारख्या उभ्या होत्या. आता सकाळी मसाल्यापुढं होत्या तशा दिसायला लागल्या. डोळे बारीक केले.

"आदी रॉकेल. मग जरा दम खाल्ला की गावठी लिंबाची साल, नखानं सोलल्यावानी. त्याच्या मागनं मध. दुकानातला न्हवं, पोळ्यातला, मेणासकट. आन् तळाला..." त्या शब्द शोधत होत्या. "धुण्याचा दगूड उनात तापलेला असतोय बघा, त्यावर पाणी मारलं की वास येतोय, तसा."

तेजू एकेक वास सांगत गेली. फेलिक्सच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. दगडाशी आल्यावर त्यांनी हात वर केला आणि तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग ते डोळे न उघडता बोलले, आणि तेजूनं आज्जीला सांगितलं.

"त्यांच्या रानात माती नावालाच आहे आज्जी. काळ्या फरशीचे तुकडे आहेत नुसते, चढावर. त्यांचे वडील ते पाठीवर वाहून वर न्यायचे. पावसानं खाली आले की परत वर."

"मग त्यो दगूडच हुता त्यात," आक्काताई म्हणाल्या.

"ते विचारतात, चव?"

तेजूचे वडील आईकडं बघायला लागले. ही बाई दारूच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

"बोट लावलं जिभंला," आक्काताई हळू म्हणाल्या. "पावण्याला द्यायचं, आपुन बघाय नगं? आंबट हुतं. मग ग्वाड. आन् मग किती येळ तोंडातनं जाईच ना."

"मग चांगली होती की आज्जी!" तेजू म्हणाली. "मग का ओतलीस?"

"चांगलं लागलं म्हणूनच वतलं. माझ्या भावाला बी पैला घोट बराच लागला आसंल."

हे तेजूनं कसं सांगितलं ते मला कळलं नाही, मला ती भाषा येत नाही. पण फेलिक्सच्या वडिलांनी डोळे उघडले, उठले आणि आक्काताईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. दोघांचे हात एकसारखेच खरखरीत होते. ते म्हणाले, तेजूनं सांगितलं, की बाटली त्यांनी स्वतः उघडली असती तर कौतुकात आणि बोलण्यात प्यायली गेली असती. इतक्या नीट कोणी हुंगली नसती. त्यांना वडिलांची वाईन मिळाली.

मी माझी काबिनेट उघडली. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. पेले भरले. एक पेला आक्काताईंनी माझ्या हातातून घेतला, तोंडाला न लावता नाकाशी धरला, खोल श्वास घेतला आणि परत दिला.

"ह्यात अजून काय न्हाय. लिंबू आन् पाणी. कवळं हाय." मग फेलिक्सकडं वळून त्याला पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला आणि त्याच्या बापाला म्हणाल्या, "पावणं, ह्यांचं लगीन हुईल त्या वर्साची एक बाटली ठिवा, आज्ज्यानं ठिवली तशी. उघडाय झाली की मला बलवा. वास मी सांगतो."

तेजू रडत होती. म्हणून ते वाक्य माझ्या मोडक्या इंग्रजीत मीच सांगितलं. फेलिक्सच्या वडिलांनी बोटांवर हिशेब केला आणि ऐंशीच्या घरातल्या त्या बाईकडं जरा संकोचून पाहिलं.

"आक्काताई, ते म्हणतात, त्याला निदान वीस वर्षं लागतील."

"लागू देत की," आक्काताई म्हणाल्या. "तवर मी काय कुठं जात न्हाय. रस्सा निवला पावणं, घ्या अजून."